चोवीस फळ्यांचा अंक

एका वर्षी आमच्या घरात तुरीच्या डाळीचा डबा काढायचा असला की आधी पान अकरा सरकवावं लागायचं. पान म्हणजे वहीतलं नव्हे. तीन फूट रुंद, चार फूट उंच अशी हार्डबोर्डची फळी, आणि तिच्यावर काळ्या-पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलेली चित्रकथा. अशा चोवीस फळ्या चारकोपच्या आमच्या दोन खोल्यांत उभ्या-आडव्या भरल्या होत्या. बाबांची खाट विटांवर चढवून तिच्याखाली सहा सरकवल्या होत्या, चार मोरीच्या भिंतीला टेकल्या होत्या, आणि ताज्या असायच्या त्या बाहेर ओट्यावर. आल्यागेल्याला ओरडून सांगावं लागायचं की टेकू नका, रंग ओला आहे. बाबा वायरमन होते. दिवसभर खांबांवर चढून घरी यायचे, दारात थांबून आत पाय कुठे टाकायचा याचा अंदाज घ्यायचे आणि म्हणायचे, "सुदाम, घरात पण शिडी लावू का?" तक्रार तेवढीच. टर्पेंटाइनचा वास वरणात, भातात, उशीत, माझ्या वेणीत. आई झुणक्याला लसणाची सणसणीत फोडणी द्यायची, तरी पहिल्या घासाला टर्पेंटाइनच. मला आजही रंगाच्या दुकानात शिरलं की भूक लागते. माझ्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

या फळ्या माझ्या मामाच्या, म्हणजे आईच्या धाकट्या भावाच्या. सुदाममामा वाशिमकडच्या गावातून पंधराव्या वर्षी आमच्याकडे आला आणि इथलाच झाला. माझी आजी, त्या दोघांची आई, माझ्या जन्माआधीच गेली होती, त्यामुळे त्याला गावात धरून ठेवणारं कुणी नव्हतं. तो पाट्या रंगवायचा. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या निम्म्या गाळ्यांवरची नावं त्याच्या हातची होती. शाळा सातवीपर्यंत, चित्रकलेचा वर्ग कुठला तेही माहीत नाही, पण त्यानं काढलेला 'क' बघावा. पोटात हवा भरून घेतलेला, आता बोलेल असा. मी त्या वेळी सतरा वर्षांची होते, चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा चांगल्या श्रेणीत पास झाले होते आणि त्याबद्दल माझं नाक जरा वरच होतं. तरी मामा ब्रश उचलायचा तेव्हा मी हातातलं काम सोडून बघत बसायचे. एवढा अबोल माणूस, आणि ब्रश फिरायला लागला की त्याच्याइतकं बोलणारं घरात कुणी नसायचं.

सेक्टरच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. गिरणीवाला म्हणाला, शटरवर काहीतरी काढ. मामानं गिरणीसमोरची रांगच काढली. डबे घेतलेल्या दहा-बारा बायका, प्रत्येकीचा चेहरा वेगळा आणि प्रत्येकीचा डबाही वेगळा. गिरणी बंद असली की ही रांग दिसायची, शटर वर गेलं की खरी. एका सुट्टीच्या दिवशी साठीच्या घरातल्या, कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक बाई त्या शटरसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग विचारत विचारत आमच्या ओट्यापर्यंत आल्या. या प्रधानबाई.

"शटर तुम्ही रंगवलंत?" त्यांनी विचारलं.

मामाला वाटलं, कुणाचीतरी तक्रार आहे. "पुसून देतो," तो म्हणाला.

"पुसलंत तर बघा!" बाई म्हणाल्या आणि न विचारता ओट्यावर बसल्या.

प्रधानबाई अंधेरीला राहायच्या आणि घरातूनच 'स्वहस्ते' नावाचं चित्रकथांचं पुस्तक काढायच्या. आज ते नाव फारसं कुणाला आठवत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. वर्षातून तीनदा निघायचं, तेही निघालं तर. प्रत्येक अंक एकाच चित्रकाराचा. गोष्ट त्याची, चित्रं त्याची, फुग्यांतली अक्षरंही त्यानंच काढलेली. मुखपृष्ठावर पुस्तकाचं नाव बारीक आणि चित्रकाराचं मोठं. एका अंकात दुसऱ्या कुणाची रेघसुद्धा चालायची नाही, हा बाईंचा नियम. जाताना त्यांनी मागच्या अंकांचा गठ्ठा मला दिला आणि मी तो दोन दिवसांत संपवला. एक अंक एका नर्सचा होता, तिच्या वॉर्डातल्या बारा खाटांच्या बारा गोष्टी. एक अंधेरीच्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढणाऱ्या माणसाचा. त्यानं माणसंसुद्धा पट्टीनं काढली होती, आणि ती तशीच शोभत होती. त्याआधी मला वाटायचं की चित्र एक तर बरोबर असतं नाहीतर चूक. त्या गठ्ठ्यानं माझ्या डोक्यात पहिली खिट्टी सरकवली, पण पुरती उघडली नाही, हे पुढे कळेलच.

मामानं विचारलं, "गोष्ट कोणाची सांगू?"

"तुमची. दुसऱ्याची हवी असती तर मी दुसऱ्याकडे गेले असते ना?"

मग बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पानं चोवीस, फक्त काळ्या-पांढऱ्यात. दुसरी, "काढताना मोठं काढा. छापताना आम्ही लहान करतो. लहान काढलं की हात आखडतो."

"मोठं म्हंजे किती?"

"मोठं म्हणजे मोठं हो! तुम्हाला मी काय शिकवणार?" असं म्हणून बाई निघाल्या. आणि निघताना, काम पुरं झाल्याशिवाय मला बोलवू नका म्हणाल्या. अर्धवट काम त्या कधीच बघायच्या नाहीत. मी बघितलं की माणूस माझ्या डोळ्यांनी काढायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. इतर चित्रकारांना मोठं म्हणजे छापील पानाच्या दीडपट-दुप्पट हे ठाऊक असायचं. मामा पन्नास फुटी बोर्ड रंगवून आलेला माणूस. त्यानं इस्टेटमधून हार्डबोर्डच्या चोवीस फळ्या आणल्या, प्रायमर मारला आणि कामाला लागला. त्याच्या हिशेबानं तो अंग चोरूनच काढत होता. मला कळायला हवं होतं, हे मी आजही स्वतःला ऐकवते. पण कौतुकानं माणूस आंधळा होतो, आणि मी तर पुरती झाले होते.

तो कसा काढायचा ते सांगितलंच पाहिजे. चित्रकथा काढणारे आधी चित्र काढतात, मग उरलेल्या जागेत फुगे. मामाचं उलटं. पाटीवर आधी अक्षरं बसवायची असतात, चित्र मागाहून. सकाळी ओट्यावर फळी उभी करायचा, खडू लावलेली दोरी ताणून फटकन मारायचा, त्या आवाजानं मला जाग यायची. मग शब्द. ठसठशीत, सावली दिलेले, फळीभर. आणि सगळे शब्द बसले की त्यांच्यामधून वाट काढत माणसं चालायला लागायची. एका पानावर 'उन्हाळा' एवढा मोठा होता की 'ळ'च्या कुशीत अख्खं एस.टी. स्टँड मावलं होतं. इस्टेटमधली शिलाई मशिनं चालू व्हायची, शेजारच्या दळवीकाकू बांगडे तळायला घ्यायच्या, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि या सगळ्यात मामाच्या ब्रशचा डब्याच्या काठावर टक टक. एवढं सुखाचं वर्ष मला पुढे क्वचितच मिळालं.

गोष्ट त्याच्या आईची होती. आजी गावच्या एस.टी. स्टँडवर पेरू विकायची. तिला कुणी नावानं हाक मारायचं नाही. वस्ती कुठली ते माहीत असल्यामुळे लोक 'ए' म्हणायचे, पैसे लांबून टाकायचे. मामा सहा-सात वर्षांचा असताना त्यानं खोक्याच्या फळकुटावर चुन्यानं लिहिलं, 'अनसूयाबाईचे पेरू', आणि टोपलीला टेकवून ठेवलं. ती त्याची पहिली पाटी. दुसऱ्या दिवशी एका कंडक्टरनं ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "अनसूयाबाई, चार पेरू द्या." आजीला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, माझं नाव याला कोणी सांगितलं? मामानं ते पान काढलं तेव्हा बाबा जेवायचं ताट तसंच धरून त्याच्यासमोर उभे राहिले होते, वरण गार होईपर्यंत.

पान सतरावर मात्र अक्षर नव्हतं. मामा दोन दिवस त्या कोऱ्या फळीसमोर बसून होता. तिसऱ्या दिवशी त्यानं दोरी न मारताच चित्र काढलं. एकच चौकट, अख्खी फळीभर. समोर तोंड करून आजी उभी, पदराचं टोक दातांत धरलेलं, आणि तिच्या मागे एस.टी.ची बस, काळ्या खिडक्यांची. बसचं टप आजीच्या खांद्यापर्यंतच पोचत होतं.

"इथे शब्द नाहीत?" मी विचारलं.

"बोललंच नाई कोनी," मामा म्हणाला.

शेवटची फळी वाळली तेव्हा प्रधानबाईंना बोलावलं. आम्ही सगळ्या फळ्या ओट्यावर आणि समोरच्या कुंपणाला ओळीनं लावून ठेवल्या होत्या. बाई रिक्षातून उतरल्या आणि तिथेच थांबल्या. मग पहिल्यापासून चोविसाव्यापर्यंत चालत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. त्यांचे डोळे भरलेले मला दिसले आणि मला वाटलं, झालं, जिंकलो. त्या मामासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सुदामराव, माझं चुकलं हो."

प्रेसच्या कॅमेऱ्याखालच्या फळीवर मावणारा कागद त्यांनी दोन हातांनी दाखवला. आमच्या उशीएवढा. त्याहून मोठं तिथे बसतच नाही. शिवाय ऑइलपेंट चकाकतो, दिव्याखाली धरला की उजेड परत फेकतो, चित्र उमटणार नाही. महिन्याभरानं प्रेस मिळणार होता. दुसऱ्या एकाचा अंक तयार होता, मामाचा नाही झाला तर तो जाणार. आणि त्यानंतर बाईंच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठरलेलं. पुढे 'स्वहस्ते' निघेल की नाही हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

"मोठं काढा म्हनले तुमी," मामा हळूच म्हणाला. दोष देत नव्हता. नीट समजून घेत होता.

"म्हणाले. लहान करून पुन्हा काढता येईल?"

मामानं तीन दिवस प्रयत्न केला. मी त्याला माझा टाक, निब, शाई, कार्ट्रिज पेपर दिला. त्याचा हात खांद्यातून फिरणारा. मनगटातून फिरवायला गेला की निब कागदात रुतायचं आणि शाईचा सडा. ज्या हातानं चार फुटी 'अ' एका दमात उतरायचा त्याच हाताचा बोटभर 'अ' कापत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं टाक धुऊन, पुसून माझ्या पेटीत ठेवला. "जमत नाई, सुजा."

"मी काढते," मी म्हणाले. "बघून बघून जशाच्या तशा उतरवते. तुझंच तर आहे."

"अन् बाईचा नियम?"

"बाईंना काय कळतंय!"

त्यानं बोटांवरची शाई पुसली. मग म्हणाला, "हात चांगला हाय तुझा." होकार म्हणावा तर तेवढाच. त्यानं तो किती नाइलाजानं दिला, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

खरं सांगते, मला मजा येत होती. कॉलेजातून आले की भाकरी-ठेचा घशाखाली ढकलायचा आणि बसायचं. पाच दिवसांत नऊ पानं. आणि जशीच्या तशी कसली? मी सुधारत होते. बैलाचे मागचे पाय मामानं चुकवले होते, ते मी नीट केले. स्टँडचं छप्पर एका बाजूला कललं होतं, ते पट्टी लावून सरळ केलं. आता माझी नात टॅबवर चित्रं काढते, दोन बोटांनी चिमटीत धरून क्षणात लहानाचं मोठं करते. तिला मी हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "आजी, मग चुका दुरुस्त केल्यास त्यात काय बिघडलं?" सतराव्या वर्षी मलाही अगदी हेच वाटत होतं. क्रमानं न जाता मध्येच पान सतरा घेतलं, कारण त्यात अक्षरं नव्हती आणि चूक डोळ्यांत खुपत होती. माणूस बसपेक्षा उंच कसा असेल? मी क्षितिजरेषा आखली, बस तिच्या खऱ्या मापात बसवली, आणि पुढच्या चाकाजवळ आजी उभी केली. बोटभर. सगळं माप बिनचूक. झकास झालं म्हणून लगेच मामाला नेऊन दाखवलं.

त्यानं कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"आई लांब गेली गं," तो म्हणाला.

"पण मामा, बस मोठीच असते ना?"

"असते." त्यानं कागद मला परत दिला, हात धुतले आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला. आईनं त्याच्या आवडीचं भरीत केलं होतं. भूक नाही म्हणाला.

मी माझी नऊ पानं आणि त्याच्या नऊ फळ्या शेजारी शेजारी लावून बघितल्या. माझ्यात चूक एकही नव्हती. आणि ती पानं कुणीही काढलेली असू शकत होती. छप्पर सरळ झाल्यावर ते कुठल्याही गावाचं स्टँड झालं होतं. मी मामावर एवढा जीव टाकत होते आणि त्याचंच चित्र त्याच्या हातून काढून घेतलं होतं, वर शाबासकी मागायला गेले होते. मला स्वतःची लाज वाटली.

फोन आमच्या गल्लीत एकच, दळवीकाकांच्या फोटो स्टुडिओत. दळवीकाका मूळचे मालवणकडचे, लग्नांचे फोटो काढायचे. तिथून मी प्रधानबाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मामा नाही, मी काढतेय, नऊ झालीत, आणि मला पुढे काढायचं नाही. सांगता सांगता रडायला लागले. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "ती फाडू नकोस. पण मला आणूनही देऊ नकोस." फोन ठेवला तर काउंटरपलीकडे दळवीकाका चष्मा कपाळावर चढवून बघत होते.

"कित्याक रडतंस गो?"

मी सांगितलं. ते माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं बघत राहिले. "फळ्यांका कॅमेऱ्याकडे नेवक येणा नाय, तर कॅमेरो फळ्यांकडे येतलो! त्यात रडाचा काय?" फळ्यांचे फोटो काढायचे, त्यांचे मोठे प्रिंट करायचे आणि ते प्रिंट प्रेसच्या कॅमेऱ्याखाली ठेवायचे. इतकं सोपं. बाईंना ते सुचलं नाही, कारण त्यांच्या डोक्यात कॅमेरा म्हणजे प्रेसमधला, खोलीएवढा, जागचा न हलणारा. आम्हाला सुचलं नाही, कारण आमच्या डोक्यात फोटो म्हणजे लग्न.

रविवार ठरला. सकाळचं ऊन थेट नको म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत काकांनी कॅमेऱ्याचं स्टँड लावलं. आमच्या ओळीतल्या बायका विहारातून वंदना आटोपून परस्पर मदतीला आल्या, सगळ्या पांढऱ्याशुभ्र साड्यांत, आणि फळी धर, सरकव, पुस करत समोर गोळा झाल्या. काकांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि ओरडले, "अरे देवा! माका फळयेत बायलमाणसा दिसतत!" खरंच. मामानं काढलेल्या काळ्याभोर आभाळात आमच्या ओळीतल्या बायका एकेक करून चमकत होत्या. सगळ्या हसून बेजार. वाट लागली होती खरी, कारण चकाकी घालवायची तर कॅमेऱ्याभोवती सगळं काळं हवं, माणसं, कपडे, भिंत. एवढं काळं कापड आणायचं कुठून?

दळवीकाकू घरात गेल्या आणि हातभर साड्या घेऊन आल्या. "आमच्या संक्रांतीच्यो साड्यो हत मां! सगळ्यो काळ्यो!" त्यांनी हाक मारली आणि पलीकडच्या ओळीतल्या कोकणातल्या बायका आपापल्या ट्रंका उघडून आल्या. वर्षातून एकदा बाहेर पडणाऱ्या त्या काळ्या साड्या, डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन, तीन बाजूंनी दोऱ्यांवर चढल्या. खड्यांची, बुट्ट्यांची, काठाची असेल तर काठ मागे दुमडायचा. मध्ये कॅमेरा आणि काका, समोर फळी. आमच्याकडच्या बायका घरी जाऊन गडद कपडे घालून आल्या. मामा एकेक फळी स्वतः उचलून आणायचा, मऊ कापडानं पुसायचा, उभी करायचा आणि दोन पावलं मागे सरून श्वास धरायचा. मी पाटीवर खडूनं पानाचा नंबर लिहायचे. त्याच्या अंकात त्या दिवशी माझा हात लागला तो एवढाच, आणि मला तेवढा भरपूर वाटला. पान सतराच्या वेळी आई चहाचा ट्रे घेऊन आली आणि साड्यांच्या आत, काकांच्या पाठीमागे येऊन थांबली. सकाळपासून चुलीपुढून हलली नव्हती, अंगावरची फिकी साडी बदलायचं तिच्या ध्यानातच नव्हतं. आमच्याही नव्हतं.

पंधरा दिवसांनी प्रधानबाई छापील नमुन्याची पानं घेऊन आल्या. प्रेसला अखेरचा होकार त्या दुपारी द्यायचा होता. ओट्यावर चटई टाकून त्यांनी पानं पसरली. फळीभर पसरलेली चित्रं तळहाताहून थोड्या मोठ्या कागदावर आली होती आणि एक रेघ गेली नव्हती. कललेलं छप्पर कललेलंच. मामा गुडघ्यांवर बसून गायीनं वासरू चाटावं तशा मायेनं एकेक पान बघत होता. मी तेव्हा त्याच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, आयुष्यात निदान एकदा मला असं काहीतरी करता यावं. पुढची तीस वर्षं मी अंधेरीच्या एका स्टुडिओत कार्टूनच्या मागची झाडं आणि डोंगर रंगवले. पोट भरलं, नावही बरं झालं. त्याच्यासारखं एक पान झालं नाही, आणि ते मान्य करायला मला काही वाटत नाही.

बाईंनी पान सतरा पुढे ओढलं. "इथे एक डाग आलाय, सुदामराव. बसच्या खिडकीत. फिल्मवर काळं भरून घालवता येईल. भरू?"

मी वाकून बघितलं. एका काळ्या खिडकीत पांढरट काहीतरी होतं. डोक्याची गोलाई, पदर. "ही तर आई," मी म्हटलं. "चहा घेऊन आली होती तेव्हाची."

आई पिठाचे हात पुसत बाहेर आली. महिनोन्महिने तिनं त्या फळ्यांवरची धूळ झटकली होती, पण बसून बघितलं नव्हतं. तिनं कागद हातात घेतला.

"म्हंजे मी गाडीत बसली," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "अन् आई माह्याकडं पाठ करून उभी."

बाईंशी ती कधी दोन वाक्यांपलीकडे बोलली नव्हती. त्या दिवशी त्यांच्याचकडे बघून बोलली. "लगन झालं अन् मले गाडीत बसवून देल्लं. मी खिडकीतून पाहून राह्यली होती. तिनं वळून पाह्यलं नाई, बाई. गाडी सुटली तरी नाई. वर्साच्या आत मेली ती. तेच शेवटचं पाहनं." आवाज चढला नाही की उतरला नाही. मी सतरा वर्षं त्या घरात होते आणि हे मला माहीत नव्हतं.

मामा चटईवरून उठला. "ताई, म्या तिच्या पुढं उभा होतो."

आईनं त्याच्याकडे पाहिलं.

"तुह्या लगनाच्या वक्ती सात वर्साचा होतो मी. तिच्या लुगड्याला धरून वर पाहत होतो. रडत होती ती, ताई. तुले दिसू नये म्हून वळली."

मी त्या कागदाकडे पुन्हा बघितलं. सात वर्षांचं पोर आईच्या पायाशी उभं राहून वर बघतं तेव्हा मागच्या बसचं टप आईच्या खांद्यापर्यंतच येतं. मामाचं माप चुकलेलंच नव्हतं. मी क्षितिजरेषा बरोबर आखली होती, पण भलत्याच माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

"रडत होती," आई म्हणाली. "मंग चित्रात डोळे कोरडे काहून?"

"तिनं कोनाले दिसू देल्लं नाई, ताई," मामा म्हणाला. "मी कसं दाखवू?"

आई खाली बसली. कागद तिनं मांडीवर ठेवला आणि पिठाचा हात लागू नये म्हणून मनगटानं दाबून धरला. बाईंनी बाकीची पानं गोळा केली. मग मामाला नाही, आईला विचारलं, "खिडकीत काळं भरायचं ना?"

"नको," आई म्हणाली. "राहू द्या मले तिथं."

अंक तसाच छापला गेला.